कॉलरची खूण

वीस वर्षे दोघी बहिणींनी बास्केटबॉलच्या मैदानावर जोडीने पंचगिरी केली. 'निर्णय माझा, तू थांब' हे सांगण्यासाठी थोरलीने कॉलर चिमटीत धरण्याची खूण काढली होती. नियमपुस्तकात ती कुठेच नव्हती. पुढे गुडघ्याने दगा दिला आणि थोरली पंचांची परीक्षक होऊन खुर्चीत बसली.

आज धाकटीने तीच खूण आपल्या नव्या जोडीदारणीला केली आणि त्या पोरीनेही मान हलवून ती मानली, पुढे एकदा स्वतःही केली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. सामना संपताच तिने शेरा लिहिला, 'अनधिकृत खूण.' एवढ्या शेऱ्यावर धाकटीचा अंतिम सामना हातचा जाणार होता.

"ताई, खूण तुझीच ना गं?" धाकटी काकुळतीला आली.

"तुला दिली होती. गावभर वाटायला नव्हे!"

"त्या खुणेला आम्ही 'ताई'च म्हणतो. सरावात 'ताई' म्हटलं, की पोरगी कॉलर धरते."

थोरलीने शेऱ्याचा कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग तिने शेरा खोडला.

"बोलाव तिला. कॉलर धरताना खांदे पाडते ती. माझ्या नावाची खूण ताठ उभं राहूनच करायची!"