बूटवालीचा कॅमेरा

नवा कॅमेरा घ्यायचं ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात ज्याला त्याला कॅमेऱ्यातलं कळायला लागलं. ज्यांनी स्वतःच्या लग्नाचा अल्बमसुद्धा कधी धड उघडला नव्हता, ते टपाल बघणारे काका पाण्याच्या पिंपाशी उभे राहून 'मागचं कसं धूसर आलं पाहिजे' हे सगळ्यांना समजावत होते. आणि चौदा वर्षं त्या ऑफिससाठी खाणी, भट्ट्या, चढ-उतार असं सगळं कॅमेरा खांद्यावर घेऊन तुडवलेली बाई खिडकीपाशी बसून जुन्या बॅटऱ्या पुसत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तोंडावर तिला सगळे ताई म्हणत. पाठीमागे तिचं नाव बूटवाली. हे नाव तिच्या कानावर केव्हाच आलं होतं. ते कशावरून पडलं हेही ठाऊक असल्यामुळे ती त्यावरून भांडायला जात नसे.

ऑफिस दोन खोल्यांचं, माणसं पाच. कामाच्या जागी धुळीने, धुराने आजारी पडलेल्या लोकांचं म्हणणं कॅमेऱ्यात उतरवायचं आणि चौकशी समितीपुढे ठेवायचं, हे त्यांचं काम. गेल्या वर्षी ती दगडखाणीतल्या एका म्हाताऱ्या कामगाराकडे गेली होती. तीस वर्षं खडकाला भोकं पाडून त्याची छाती दगडाच्या भुकटीने भरली होती. दाराच्या पायरीवर बसून, धापा टाकत त्याने पाऊण तास सगळं सांगितलं. भोकं पाडताना पाणी मारायचा पाइप कुणी बंद केला, तोंडाला बांधायला साधं फडकं मागितलं तर मुकादम काय म्हणाला, काही म्हणता काही राखलं नाही. ते ऐकताना बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं अगदी मनासारखं झालं. फक्त ते कॅमेऱ्यात गेलं नाही.

झालं होतं असं, की चढण चढताना तिने वाट टिपायला बटण दाबलं आणि बंद करायला विसरली. म्हाताऱ्यासमोर उभं राहून चालू करायला म्हणून दाबलं, तेव्हा चालू असलेला कॅमेरा बंद झाला. तो बोलून दमल्यावर बंद करायला म्हणून दाबलं, तेव्हा तो चालू झाला. ऑफिसात येऊन बघते तर जाताना चाळीस मिनिटं आणि येताना चाळीस मिनिटं नुसते तिचे बूट. कॅमेरा चालू असल्याची तिच्या डोळ्यापाशी जी खूण उमटायची ती जुन्या कॅमेऱ्यात केव्हाच बिघडली होती. समोरचा लाल दिवा मात्र ठणठणीत होता. पण त्याच्यावर तिने स्वतःच्या हाताने काळी पट्टी चिकटवली होती. या धंद्यात सगळेच चिकटवतात. दिवा डोळ्यात भरला की माणूस बुजतो, शब्द तोलून बोलायला लागतो. माणसं मोकळी व्हावीत म्हणून लावलेली ती पट्टी तिच्याच मुळावर आली.

तीन आठवडे तिने धीर गोळा केला. पुन्हा जायला निघाली त्या सकाळी निरोप आला, की म्हातारा गेला.

आता समितीची सुनावणी पंधरा दिवसांवर आली होती. म्हाताऱ्याची बायको, काकी, त्याच खाणीवर खडी फोडायला होती. तिचीही छाती नवऱ्याच्याच वाटेने चालली होती. तिने निरोप धाडला होता: 'एकदाच सांगीन. दोनदा बोलायचं बळ माझ्यात नाही. नाहीतरी यांचं सगळं तुमच्याकडे आहेच.'

शेवटच्या वाक्याने बूटवालीची झोप उडाली होती. कारण त्यांचं काहीही तिच्याकडे नव्हतं, आणि हे काकींना कुणी सांगितलं नव्हतं. 'तुम्हीच सांगा, ताई,' असं साहेब वर्षापूर्वी म्हणाले होते, तिने मान डोलावली होती, आणि वर्ष तसंच गेलं.

साहेबांनी कॅमेरा आधीच पसंत केला होता. वयाने तिच्याहून दहा वर्षांनी लहान, मनाने चांगला माणूस, पण चकचकीत वस्तूपुढे त्यांचं काही चालत नसे. "ताई, हा बघा," ते म्हणाले. "केवढासा आहे! आणि चित्र तर असं, की चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती मोजावी."

"बटण कुठंय?"

"बटण कशाला? काचेला बोट लावायचं."

"साहेब, कॅमेरा मी वागवणार. मी निवडणार."

इतकं सरळ ती चौदा वर्षांत बोलली नव्हती. टपालवाले काका पिंपाशी जागच्या जागी थबकले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं. उद्या दुकानात जाऊ. मला पटवून द्या, मग तुम्ही म्हणाल तो."

संध्याकाळी नवरा घरी आला. तो बस-डेपोत मेकॅनिक. नखांतलं वंगण खरवडत त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलं. "काकींना सांगितलंस?"

"अहो, आधी कॅमेऱ्याचं बघू द्या की."

"म्हणजे नाही सांगितलं."

ती विषय बदलत म्हणाली, "तुम्हाला काय, बस सुरू झाली की घरघरते. माझं यंत्र चालू असो, बंद असो, मुकंच."

"बसचं पण तसंच असतं," तो म्हणाला. "मागचा दिवा लागतो की नाही, हे ड्रायव्हरला कधी दिसतं का? कुणाला तरी मागे उभं करतो आम्ही. तो ओरडतो, लागला, गेला, लागला. आपला दिवा आपल्याला दिसत नाही, अगं. समोरच्याला दिसतो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग उठली, कपाटातून कामाचे जाड हातमोजे काढले आणि पिशवीत टाकले.

दुकान दुमजली होतं. खाली काचेची कपाटं, वर जायला अरुंद लोखंडी जिना. दुकानदार मुरलेला माणूस, गिऱ्हाईक दारातून आत येतानाच त्याला काय विकायचं ते ठरवून ठेवणारा. त्याने साहेबांच्या मनातला छोटा कॅमेरा पुढे केला आणि भिंतीवरच्या पडद्यावर स्वतःचाच चेहरा दाखवला. चित्र खरंच देखणं होतं. दुकानदारसुद्धा त्यात देखणा दिसत होता.

"ताई, लोक आधी चित्रच बघतात," तो म्हणाला.

"माझ्याकडे चित्रं भरपूर आहेत. सगळी बुटांची," ती म्हणाली. साहेबांनी खोकल्यासारखं केलं.

मग तिने कपाटांवरून नजर फिरवली आणि कोपऱ्यातला एक ठोकळा मागितला. वरून पकडायला मूठ, खांद्यावर टेकायला गादी, आवाजाला दोन वेगळे खटके, आणि अंगठ्याखाली पावलीएवढं, वर उठलेलं बटण. समोर, भिंगाच्या वर, शेंगदाण्याएवढा लाल दिवा. दुकानदाराने तो नाइलाजाने खाली काढला. त्याच्यावर धूळ बसली होती.

ती डोळे मिटून बटण दाबायला लागली. हातमोजे घालून, हातमोजे काढून, उजव्या हाताने, डाव्या हाताने. दारात जाऊन भर उन्हात धरला, तर डोळ्यापाशीची बारीक खूण उन्हात दिसेना, समोरचा दिवा मात्र दुकानदाराला लांबूनही दिसला. चालू असताना बॅटरी बदलून बघितली. कानाला हेडफोन लावून दुकानदाराला पार मागच्या भिंतीपाशी पाठवलं आणि म्हणाली, "कुजबुजा काहीतरी." बिचारा 'हिला दुसरा धंदा नाही का' असं काहीसं कुजबुजला असावा, कारण तिने "माझा तेवढाच धंदा राहिलाय" असं उत्तर दिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताई, खेळ पुरे," साहेब म्हणाले. "बटण दाबायला काय एवढं? कुणीही दाबेल."

हेच ऐकायला ती थांबली होती. तिने छोटा कॅमेरा साहेबांच्या हातात दिला, हातमोजे चढवायला लावले. "जिना चढा. वर गेलात की मला बोलतं करा आणि टिपा. मग खाली या. येण्याआधी कॅमेरा बंद करा. असं पाच वेळा."

साहेब हसत हसत चढले. ती मागोमाग चढत होती आणि वर पोचलं की बोलत होती, सुनावणीचं, काकींच्या धापेचं, टपालवाल्या काकांचं. तिसऱ्या खेपेला साहेबांचा श्वास फुलला. चौथ्या खेपेला ते मोज्यातलं बोट काचेवर दोनदा टेकवताना दिसले. पाचव्या खेपेनंतर घाम पुसत, विजयी मुद्रेने त्यांनी कॅमेरा दुकानदाराला दिला. "लावा पडद्यावर."

पहिल्या तीन खेपा छान आल्या होत्या. पुढे जिन्याच्या पायऱ्या, साहेबांचे काळे पॉलिश केलेले बूट, पायऱ्या, बूट, आणि मग थेट छताचा पंखा. बाईचं बोलणं तिसऱ्या खेपेनंतर कुठेच नव्हतं. दुकानदाराला हसू आवरेना, म्हणून तो पाठमोरा होऊन काच पुसायला लागला.

साहेबांनी पडद्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे. मग हळूच म्हणाले, "आणि मी वर्षभर तुम्हाला हसतोय."

"चूक माझीच होती, साहेब. ती पुन्हा होणारच नाही असं मी कुणाला सांगत नाही. झाली तर तिथल्या तिथे कळली पाहिजे, एवढंच मला हवंय."

त्यांनी ठोकळ्याकडे बोट दाखवलं. "हाच द्या."

बांधून देताना दुकानदाराने सवयीने काळ्या पट्टीचा तुकडा कापला. "दिव्यावर लावून देतो. सगळेच मागतात."

"पट्टी नको," ती म्हणाली. "दिव्यासाठीच तर घेतेय."

पाच दिवसांनी ती चढण चढत होती. साहेब मागे, बॅटऱ्यांची पिशवी घेऊन. नवा कॅमेरा वजनाने जुन्यापेक्षाही भारी होता आणि खांदा भरून आला होता, पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते पुढच्याचं. दिवा कशासाठी हे काकींना सांगायचं तर गेल्या वर्षीचंही सांगावं लागणार. पण परत फिरायचं नाही हे तिने चढणीच्या पायथ्याशीच ठरवून टाकलं होतं.

काकी दाराच्या त्याच पायरीवर बसल्या होत्या. अंगाने पार झडल्या होत्या, नजर मात्र तशीच होती. बूटवाली कॅमेरा खांद्यावर तसाच ठेवून त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि आढेवेढे न घेता सांगून टाकलं. "काकी, काका बोलले ते माझ्याकडे नाही. एक शब्दही नाही. माझ्या चुकीमुळे गेलं. वर्षभर तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही."

काकींच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती. साहेबांनी मान खाली घातली.

"मग आता कशाला आलीस?" काकी म्हणाल्या.

"तुमचं तरी जाऊ नये म्हणून. हा लाल दिवा दिसतो? हा लागलेला असेल तरच तुमचं बोलणं आत जातंय. मला तो दिसत नाही, तुम्हाला दिसतो. दिवा नसेल तर एक शब्द बोलू नका. मला हटका."

काकींनी पदर सारखा केला आणि सरळ बसल्या. तिने डोळा लावला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, काकींचा श्वाससुद्धा कानात भरत होता. अंगठ्याने तिने बटण दाबलं. टक्.

"सांगा, काकी."

काकी गप्प. त्या भिंगाच्या वर कुठेतरी बघत होत्या.

"काकी, सांगा ना."

"गेला," काकी म्हणाल्या.

"काय गेलं?"

"दिवा. तू आलीस तेव्हा लागलेला होता. माझ्याशी बोलत होतीस तेव्हाही होता. आता टक् वाजलं आणि गेला."

बूटवालीने स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. चढणीच्या वळणावर तिने वाट टिपायला बटण दाबलं होतं. कॅमेरा चालूच होता. चौदा वर्षांची सवय, वर्षभराचा पस्तावा, एवढी पारख करून घेतलेलं यंत्र, आणि हात पुन्हा तेच करून बसला होता. तिने बटण दाबलं. टक्.

"लागला?"

"लागला." काकी दिव्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा हलला. "गेल्या वर्षी हे बोलत होते तेव्हा मी इथंच बसले होते, पोरी. यांच्या शेजारी. मला कुणी सांगितलं असतं ना, तर मी त्या दिव्यावरून नजर काढली नसती."

"चुकलं माझं, काकी. पट्टी मीच लावली होती."

"असू दे. तुझ्या डब्यात नसलं तरी माझ्या कानात आहे सगळं. एक शब्द सांडलेला नाही." त्यांनी छातीवर हात ठेवून एक श्वास घेतला, मग दुसरा. "दोनदा बोलायचं बळ नाही म्हटलं होतं. पण आज दोघांचं एकदमच सांगते. आधी यांचं, मग माझं. वेळ लागेल. तुझा खांदा टिकेल का?"

"टिकेल."

"दिव्याचं मी बघते," काकी म्हणाल्या, आणि सुरुवात केली.