दिवा निवेपर्यंत

मित्रांनो, जरा मान वर करा. फळ्याकडे नको, त्याच्याकडे सगळेच बघतात. छताकडे बघा. लोखंडी दांड्याला उलटा लटकलेला, एके काळी पांढरा आणि आता पिवळट पडलेला जो डबा दिसतो, तो मी. मी सात नंबरच्या वर्गातला जुना प्रोजेक्टर आहे. वायरमन शिडी आणायला गेला आहे. तो आला की मला खाली काढणार, म्हणून घाईघाईत सांगतो. काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडले. एकीने माझ्या पोटात दिवा बसवला, दुसरीने त्याच्या शेजारी छोटा पंखा. हा दिवा म्हणजे माझा जीव. तो पेटला की असा तापतो की पंख्याने त्याला सतत वारा घालावा लागतो. काम संपले तरी दिवा निवेपर्यंत, निदान दोन मिनिटे, पंखा चालूच राहावा लागतो. मी बंद झालो असे तुम्हाला वाटते, तेव्हा आत मी धापा टाकत असतो. ही दोन मिनिटे तेवढी लक्षात ठेवा. माझ्या खोक्यातल्या पुस्तिकेत, अकराव्या पानावर, हे सगळे लिहिले होते. ती पुस्तिका कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली गेली आणि अजून तिथेच आहे.

मी शाळेत आलो त्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, माझ्यावर अर्धा तास भाषण केले. टेबलाखालच्या कपाटात संगणक बसवला. त्याला वेगळा पडदा नव्हता. मी भिंतीवर पाडीन तेच त्याचे चित्र. मुलांनी टाळ्या पिटल्या. मला वाटले, मुलांचा माझ्यावर जीव आहे. पुढे कळले की त्यांचा जीव अंधारावर होता. खिडक्या लावल्या की मागच्या बाकांवर खाऊचे डबे उघडत आणि डोळे मिटत.

इंग्रजीच्या तरुण बाई मला रोज वापरत. भिंतीवर एखादी फिल्म लावून देत आणि खाली बसून वह्या तपासत. तास संपला की रिमोटने दिवा बंद करत आणि चालू लागत. भिंतीवरचे बटण बंद करायचा त्यांना कंटाळा. ‘वर्ग सोडताना सर्व बटणे बंद करावीत’ अशी पाटी दाराशी आहे आणि तिच्यावरून त्या मोठ्या बाईंची बोलणीही खात. पण खरे सांगू? त्यांच्या त्या आळसावर मी जगलो. त्या निघून गेल्या तरी माझा पंखा चालू राही, आणि मी निवांत निवत असे.

गणिताचे सर अगदी वेगळे. तीस वर्षे खडू हाती धरलेला माणूस. कंपासाशिवाय असे वर्तुळ काढत की मलाही हेवा वाटे. “खडू मोडला तर दुसरा घेता येतो,” ते म्हणत. “हे बंद पडलं तर मी काय, भिंतीशी बोलू?” तरी मोठ्या बाईंच्या आग्रहाखातर त्यांनी एकदा मला हात लावला. रिमोट नेम धरून रोखला, बटण दाबले, पुन्हा दाबले. मागून कुणीतरी म्हणाले, “सर, उलटा धरलाय तुम्ही.” चाळीस मुले एकदम हसली. सरांचे कान लाल झाले. त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि खडू उचलला. त्या दिवसापासून त्यांचे नाव ‘उलटे सर’ पडले, आणि एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जात राहिले. दोन वर्षे त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले नाही. मीही फुरंगटून होतो.

मग त्यांच्या वर्गात भिंगरी आली.

तिच्या डोळ्यांवर जाड भिंगे होती, म्हणून हे नाव. तीही बिचारी त्या नावाला ओ देई. तिची नजर दर वर्षी थोडी आणखी अधू होत चालली होती. पहिल्या बाकावर बसूनही फळा म्हणजे तिला नुसता काळोख. शेजारणीच्या वहीला नाक लावून ती उतरवून घेई. शेजारणीचे चुकले की हिचेही चुके. एके दिवशी मोठ्या बाईंनी तिच्या आईला बोलावले. आई शिवणकाम करते. घरी मायलेकी दोघीच. माझ्याखालीच, याच टेबलाशी, ते बोलणे झाले.

“वार्षिक परीक्षेत गणित सुटलं, तर ती इथेच राहील,” मोठ्या बाई म्हणाल्या. “नाहीतर तिला अधू नजरेच्या मुलांच्या शाळेत पाठवावं लागेल. चार तासांवर आहे. तिथेच राहायचं. शाळा चांगली आहे हो.”

“असेल की बाई,” आई म्हणाली. “पण सुट्टीपुरती घरी येणारी मुलगी म्हणजे पाहुणीच ना?”

सर दाराशी उभे राहून हे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते एकटेच वर्गात आले. हातात शंभर पानी वही. त्यांनी दार लोटून घेतले आणि दोन वर्षांनी प्रथमच माझ्याकडे मान वर करून पाहिले. “चल बाबा,” ते म्हणाले, “आपण दोघं शिकू.”

इंग्रजीच्या बाईंना विचारले असते, तर पाच मिनिटांचे काम होते. पण त्या चाळीस जणांचे हसू सरांच्या कानातून गेले नव्हते. त्यांनी कुणालाही विचारले नाही. आठवडाभर रोज तासभर धडपडून त्यांनी स्वतःच माझी सगळी बटणे शोधली आणि वहीत एकेक सूचना लिहून काढली. एकूण नऊ. शेवटची सूचना दाराशी असलेल्या पाटीवरून आली होती. ‘९. तास संपताच भिंतीवरचे बटण लगेच बंद. विसरू नये.’ तिच्याखाली त्यांनी पट्टीने दोन रेघा मारल्या.

मी वरून ओरडलो. पण आमचे ओरडणे ते काय, कपाळावर एक लाल टिकली लुकलुकते. सरांना वाटले, तो माझा राम राम.

आणि तरीही, मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. सरांनी भिंतीवर दाराएवढा त्रिकोण पाडला. पांढऱ्या उजेडात काळीभोर जाड रेघ. भिंगरी उठून उभी राहिली.

“सर, मला कोन दिसतोय.”

“सगळा?”

“सगळा. त्याच्या आत छोटीशी कमान काढलेली असते, ती पण. अशी असते होय ती?”

सरांनी चष्मा काढून पुसला. त्या दिवसापासून सर प्रत्येक आकृती रेघेरेघेने मोठी करून दाखवू लागले. मागच्या बाकांवरचे डबे उघडायचे थांबले, कारण सर मधेच कुणालाही उठवून “पुढची रेघ कुठून?” असे विचारत. भिंगरी सगळ्यांच्या आधी हात वर करी. सहामाहीत ती गणितात पास झाली. आईने उत्तरपत्रिका घडी घालून ब्लाउजच्या मापांच्या वहीत जपून ठेवली म्हणे.

पण रोज तास संपला की नववी सूचना. खट्. पंखा जागच्या जागी थांबे आणि दिवा निखाऱ्यासारखा आतल्या आत धगधगत राही. माझे काचेचे अंग तडकायला आले होते. शाळेत मला सरांइतके कुणीच जपले नाही. ते मऊ फडक्याने माझे भिंग पुसत, धूळ झटकत, आणि त्याच हाताने रोज मला थोडेथोडे मारत. मी भिंतीवर अक्षरे उमटवली, ‘दिवा फार तापला आहे.’ मुले हसतील म्हणून सरांनी ती पुरती न वाचताच घाईने पुसून टाकली. आणखी काय करायचे होते मी? हात नाहीत, जीभ नाही. उजेड होता, तोही त्यांच्याच बोटाखाली.

हे फक्त एका माणसाला कळले होते. भिंगरीला. अधू नजरेच्या माणसाचे कान तिखट असतात. इंग्रजीच्या बाई गेल्यावर माझा पंखा घूं घूं करत राहतो आणि सर गेल्यावर चूप होतो, हे तिने हेरले होते. जळका वासही तिला आला होता. एकदा तिने हात वर केला.

“सर, ते बटण...”

“केलं बंद, केलं,” सर हौसेने म्हणाले. “विसरत नाही मी आता.”

मागून कुणीतरी खुदकन हसले. “उलटे सर,” कुणीतरी पुटपुटले. सरांचा चेहरा तिला दिसला नसेल. पण पुढचे वाक्य बोलताना त्यांचा आवाज जो बसला, तो तिने ऐकला. तिने हात खाली घेतला आणि त्यानंतर या गोष्टीसाठी तो पुन्हा वर केला नाही.

दुसऱ्या सत्राचा पहिला आठवडा होता. वर्तुळाचा धडा. भिंतीवर वर्तुळ अर्धे झाले होते, तेवढ्यात माझ्या पोटात फट् असा आवाज झाला आणि दिवा फुटला. काचांचा चुरा माझ्या पोटात खुळखुळला. मागची मुले आनंदाने ओरडली, कारण आता तास बुडणार होता. सरांनी धावत जाऊन खिडक्या उघडल्या. वर्गात लख्ख ऊन आले.

“सर,” भिंगरी म्हणाली, “भिंत गेली.”

मग शिक्षकांच्या खोलीतून एकेक जण मला बघायला आला. कुणी म्हणाले, “तरी मी सांगत होतो, फळ्यासारखं दुसरं काही नाही.” कुणी म्हणाले, “यांच्या हाती दिलाच कशाला?” सर हे ऐकून घेत खाली मान घालून उभे होते. इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर एक ओळ लिहिली, ती घसरगुंडीसारखी खाली उतरत गेली. त्यांची फळ्याची सवयच सुटली होती. दुकानदाराने कळवले की असा दिवा आता बनत नाही. सरांनी कचेरीतल्या संगणकाचा छोटा पडदा मागून आणला. पण त्याला नाक लावल्याशिवाय भिंगरीला दिसेना, आणि तिने नाक लावले की वर्गाला तिच्या वेण्यांखेरीज काही दिसेना.

शेवटी सरांनी खडू उचलला. अख्ख्या फळ्यावर गणिताची एकच पायरी, हातभर अक्षरांत. ती पुसायची, मग दुसरी. भिंगरी फळ्यापासून वीतभर अंतरावर उभी राहून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत चालत वाचायची. डावीकडचे वाचून होईपर्यंत उजवीकडचे मनातून निसटायचे. मुले कुरकुरली, “सर, दोन दिवसांत एकच गणित झालं.” सर मग शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेऊ लागले. त्यांचा खांदा धरला. डाव्या हाताने उजव्या कोपराला टेकू देऊन ते लिहीत. मी वरून पाहत होतो. माझ्या एका बटणात त्या दोघांची सुटका होती, आणि मी वटवाघळासारखा नुसता लटकून होतो. असे जिणे कुणाच्या वाट्याला येऊ नये.

वार्षिक परीक्षेत भिंगरी गणितात सहा गुणांनी नापास झाली.

शाळा सोडल्याचा दाखला न्यायला मायलेकी आल्या तेव्हा आई कचेरीत थांबली आणि भिंगरी भिंतीला हात लावत सात नंबरच्या वर्गात आली. सर खिडकीशी उभे होते.

“सर, वर्गात कुणी आहे का?”

“नाही गं. मी एकटाच.”

“मग सांगते. तुम्ही ह्याचं बटण लवकर बंद करायचात. इंग्रजीच्या बाई गेल्यावर ह्याचा पंखा चालू असायचा. तुमच्या तासानंतर नसायचा. मग जळका वास यायचा.”

सरांनी माझ्याकडे पाहिले. दाराजवळच्या पाटीकडे पाहिले. “तुला कधीपासून माहीत होतं?”

“सुरुवातीपासून.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला सगळे परत हसले असते ना.”

सर लहान मुलाच्या बाकावर बसले. उठायला त्यांना बराच वेळ लागला. ती गेल्यावर त्यांनी वही उघडली आणि नववी सूचना खोडली, इतकी की कागद फाटला.

ही बघा, शिडी आली. माझ्या जागी आज नवा येतो आहे, माझ्याहून चौपट उजेडाचा. भिंगरी इथे असती, तर तिला पुस्तकातला स्वल्पविरामसुद्धा दिसला असता. वायरमन शिडी चढला. सरांनी खालून शिडी धरली आहे.

“बटण बंद आहे ना, सर?”

“थांबा. आधी चालू करतो.”

“कशाला? दिवा गेलाय ह्याचा.”

“पंखा आहे,” सर म्हणाले. “दोन मिनिटं फिरू द्या.”

मित्रांनो, पंखा फिरतो आहे. ही दोन मिनिटे आयुष्यात प्रथमच सरांनी मला दिली आहेत, तर तुमच्याशी बोलून घेतो. नव्याला फडक्याने पुसा, पुसू नका, तुमची मर्जी. पण कुणा मोठ्या माणसाच्या हातात रिमोट उलटा दिसला, तर तुमचे हसू गिळा आणि जे ठाऊक असेल ते जवळ जाऊन सांगा. आणि फळ्याजवळ उभ्या राहणाऱ्यांनो, तुम्हीही विचारा हो. पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारा. तिला ठाऊक असते. मी पाया पडलो असतो, पण मला पाय नाहीत.

“झाली की सर दोन मिनिटं,” वायरमन वरून म्हणाला.

सर घड्याळाकडे बघत होते. आता आत दिवा नाही, म्हणजे निवायचेही काही उरलेले नाही.

“अजून थोडं,” सर म्हणाले. “अजून थोडं थांबा.”