कर्नलसाहेबांचं पत्र वहिनीच्या हाती

१७७६च्या त्या डिसेंबरात इंग्रज राजाचं सैन्य आमच्या घरात राहायला आलं, तेव्हा दादा फिलाडेल्फियात, राजाविरुद्ध उठलेल्या वसाहतींच्या काँग्रेसच्या बैठकीत होता आणि घरात आम्ही दोघीच होतो, केतुरावहिनी आणि मी. न्यू जर्सीतलं आमचं शेत मिलस्टोन नदीकाठी, हमरस्त्याला लागून. जो येईल तो आधी आमच्याच दारात. कॅप्टन अल्डरसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दादाची लिहायची खोली घेतली आणि त्याच्या हाताखालचे भाडोत्री जर्मन शिपाई स्वयंपाकघरात पसरले. चुलीभोवती त्यांचे मोजे वाळत असायचे. स्वतःच्याच घरात भाकरी भाजायला आम्हाला त्यांच्या पायांवरून ओलांडून जावं लागे.

माझा दादा, गिस्बर्ट व्हॅन्डोरेन, राजाशी नातं तोडा म्हणणाऱ्यांपैकी होता आणि कॅप्टनला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यानं कधी आवाज चढवला नाही. वहिनीला तो म्हणाला, "बाईसाहेब, तुमच्या यजमानांना माफी द्यायची की फाशी, हे माझे वरिष्ठ ठरवतील. मला फक्त दाढीला गरम पाणी वेळेवर लागतं."

वहिनी पाणी नेऊन ठेवायची. खोलीतून बाहेर आली की भिंतीला हात टेकून थोडी उभी राहायची.

राजानं तेव्हा माफीचा कागद काढला होता. इमान राखीन अशी शपथ घ्यायची, सही करायची, मग घरादाराला हात लागणार नाही. शेजारपाजारचे एकेक करून सही करून आले. कॅप्टन रोज जेवताना विचारायचा आणि वहिनी रोज म्हणायची, "नवरा घरी नसताना मी बाईमाणूस सही कशी करू?"

"तर मग त्यांना लिहून विचारा."

"पत्रं कुठं जातात आता?" वहिनी म्हणायची.

पत्रं जात होती आणि येतही होती, डॉर्कसमावशीच्या हातून. डॉर्कसमावशी आमच्या पंचक्रोशीतली सुईण. बाळंतपण काही लढाई संपायची वाट बघत नाही, म्हणून दोन्हीकडचे पहारेकरी तिला सोडायचे. तिच्या पिशवीतल्या फडक्यांना हात लावायला शिपाई नाक मुरडायचे आणि पत्र त्या फडक्यांच्याच घडीत असायचं. पण भीती होतीच. गिरणीवाल्या ट्यूनिसच्या पिठाच्या पिंपात त्याच्या, आपल्या फौजेत गेलेल्या लेकाचं एक पत्र सापडलं होतं. लेकानं बूट मागितले होते, एवढंच. ट्यूनिसला हात बांधून घेऊन गेले, तो परत आमच्या गावाला दिसला नाही.

एका सकाळी मावशी आली, वहिनीच्या गुडघेदुखीचं निमित्त काढून. जाताना दादाचं पत्र देऊन गेली. मांस धुरावर ठेवायची खोपटी परसात होती. तिथं शिपाई फिरकत नसत, डोळे चुरचुरतात म्हणून. आम्ही दोघी तिथं शिरलो. वहिनीनं लाखेचा शिक्का फोडला, पहिली ओळ वाचली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"लेना, हे मला नाहीये."

"म्हणजे काय? वर तुझंच नाव आहे."

"आत बघ ना. 'महाशय' लिहिलंय. तुझा दादा मला महाशय म्हणेल का?"

मी वाचलं. डोंगरापलीकडच्या आपल्या फौजेचे कर्नल लूमिस यांना काँग्रेसच्या समितीतर्फे लिहिलेलं ते सरकारी पत्र होतं. काँग्रेस फिलाडेल्फिया सोडून बॉल्टिमोरला निघाली आहे, तरी आमचा निर्धार तसूभरही ढळलेला नाही, हे आपण आपल्या माणसांना सांगावं. आणि पुढे: लोखंडाच्या जुन्या भट्टीमागं कोळशाचं कोठार आहे, त्या कोळशाखाली बंदुकीच्या दारूची पिंपं लपवलेली आहेत, शत्रूला वास लागण्याआधी ती हलवावीत. खाली दादाची पूर्ण नावानिशी सही.

निघायच्या गडबडीत त्यानं दोन पत्रं लिहिली, दोन्हीवर कागद गुंडाळून शिक्के मारले आणि वरची नावं उलटसुलट केली. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

मी भट्टीच्या ओळीवर बोट ठेवलं. कारण आदल्याच दिवशी कॅप्टन त्याच्या सार्जंटला सांगताना मी ऐकलं होतं, घोड्यांच्या नालांना लोखंड कमी पडतंय, या आठवड्यात त्या भट्टीवर जाऊन असेल नसेल ते घेऊन येऊ.

"जाळून टाकू," मी म्हणाले.

"जाळायचं तर आहेच. पण नुसतं जाळून काय होणार? ती दारू त्यांच्या हातात आयती पडेल. आणि लेना, माझं पत्र कुठं असेल आता?"

"कर्नलकडं."

वहिनीनं हातातल्या पत्राची घडी घातली. दादा तिला काय काय लिहीत असेल ते तिलाच ठाऊक होतं. मग ती म्हणाली, "कुणीतरी जायला हवं. मी हलले तर हा माणूस लगेच विचारील. तू मावशीबरोबर जा. डोंगरपायथ्याच्या ब्रोकॉंच्या सुनेचे दिवस भरलेत, मदतीला गेलीस म्हणून सांगेन."

"मला भीती वाटते, वहिनी."

"मला नाही वाटत का? मला तर इथं राहायचंय."

मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, शब्दन्‌शब्द डोक्यात बसेपर्यंत. मग ते धुराच्या निखाऱ्यांवर टाकलं. शिक्क्याची लाख वितळली तसा तिचा उग्र वास सुटला आणि नेमका त्याच वेळी बाहेर बूट वाजले. वहिनीनं चटकन राख कागदावर ओढली. एक जर्मन शिपाई दारातून डोकावला, टांगलेल्या डुकराच्या मांडीकडे बोट दाखवून हसला. वहिनीनं सुरी घेतली, चांगला मोठा तुकडा कापून त्याच्या हातात ठेवला. तो गेल्यावर मात्र ती तिथंच जमिनीवर बसली.

ब्रोकॉंकडं खरोखरच बाळंतपण होतं. मावशी म्हणाली, "खोटं बोलायचं तर त्यात जमेल तेवढं खरं घाल पोरी." म्हणून मी तिथं गेले, पाणी तापवलं, बाईचा हात धरला. बाळ पायाळू होतं. मुलगी. ती रडल्याबरोबर मावशीनं मला मागच्या दारानं डोंगराच्या वाटेला लावलं. वाटभर झाडामागं कुणी उभं आहे असंच वाटत होतं. दोनदा मी एका ओंडक्यालाच शिपाई समजून चिखलात आडवी झाले.

कर्नल लूमिस एका चर्चमध्ये उतरले होते. सर्दीनं लाल झालेलं नाक, गळ्याभोवती बायकोची असावी अशी लोकरी शाल. मी पत्रातला मजकूर जसाच्या तसा म्हणून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाठांतर छान आहे. पण तू कॅप्टन अल्डरसनच्या घरातून आलीस."

"ते आमचं घर आहे."

"झोपतो कोण तिथं? मी माणसं भट्टीकडं पाठवली आणि तिथं ते दबा धरून बसलेले असले, तर? तुझ्याकडं ना चिठ्ठी, ना सही. तू व्हॅन्डोरेनची बहीण, हेसुद्धा तूच म्हणतेस."

हा विचार आम्हा दोघींच्या मनातच आला नव्हता. मी म्हणाले, "तुमच्याकडं एक पत्र आलंय. ते तुमचं नाही."

त्यांची नजर बदलली. "तुझा भाऊ बायकोला पत्रात काय म्हणून हाक मारतो?"

"लाडाचं काही नाही. केतुराचं नुसतं 'केट'. आणि खाली नाव लिहीत नाही, 'तुझा जी' एवढंच."

त्यांनी आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. तिथल्या दोन माणसांना बाहेर जायला सांगितलं, एकाला भट्टीवर गाड्या न्यायचा हुकूम दिला, आणि दार लागल्यावर कागद माझ्यासमोर धरला. "वाच. तुला हे वाचायलाच हवं."

दादाचंच अक्षर. 'केट, मी घाबरलोय. इथं सगळेच घाबरलेत, सभेत तसं दाखवत नाहीत एवढंच. सैन्य उरलेलं नाही, नवीन वर्षाला उरलेसुरलेही घरी जातील. मला वाटतं आपण हरलो. ते घरात आले तर माफीच्या कागदावर सही कर, माझा विचार करू नकोस. घर वाचव, लेनाला वाचव. मी आता दुसरं पत्र लिहायला बसतोय, त्यात मला नेमकं याच्या उलट लिहायचंय.'

मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अक्षरं हलायला लागली.

कर्नल म्हणाले, "पहिल्या ओळीला कळलं की हे माझं नाही. पण मी थांबलो नाही. आणि आता असंय पोरी, की काँग्रेसचा माणूस बायकोला राजाशी इमान राखायला सांगतो, हे वर कळवणं माझं काम आहे."

म्हणजे दादाला इकडूनही फास आणि तिकडूनही.

"तुझ्या वहिनीनं सही केली?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"का?"

"रोज सांगते की नवरा घरी नाही."

त्यांना हसू आलं, मग खोकला. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "मग या पत्रानं काहीच घडलेलं नाही. न घडलेल्या गोष्टीबद्दल काय कळवायचं?" आणि तो कागद त्यांनी शेकोटीत टाकला. "तू परत नेलं असतंस आणि पकडली गेली असतीस, तर इंग्रज ते त्यांच्या न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून मोकळे झाले असते. जा आता."

मी घरी आले तेव्हा कॅप्टन दारातच उभा होता. मागं वहिनी, हातात पाण्याचं भांडं.

"काय झालं? मुलगा म्हणे?"

"मुलगी," मी म्हणाले.

"तुमच्या वहिनी मुलगा म्हणाल्या."

मी वहिनीकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर संपलंच असतं. "तिला कुठून कळणार? ती तर इथंच होती. पायाळू मुलगी झाली, बाईचे फार हाल झाले."

"असं. मग बाळंतिणीला थोडी साखर पाठवू या," तो म्हणाला आणि सार्जंटला हाक मारली.

साखर कशासाठी ते मला कळत होतं. ब्रोकॉंच्या सुनेला आम्ही काहीच पढवलेलं नव्हतं. मी बाळ रडल्याबरोबर निघून गेले, एवढं तिनं सांगितलं की आम्ही दोघी गेलो. सार्जंट परत येईपर्यंत मी वहिनीबरोबर बीट सोलत बसले आणि एकही बीट धड सोललं नाही. वहिनी खालच्या आवाजात म्हणाली, "मी मुलगा म्हटलंच नव्हतं गं." तेवढ्यात सार्जंट आला. तो आणि कॅप्टन हळू आवाजात काहीतरी बोलले. कॅप्टननं मान हलवली आणि आत गेला.

पुढं कळलं, त्या बाईनं सार्जंटला सांगितलं होतं की लेना सारा वेळ माझ्या उशाशी होती, निघावं म्हणेना. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनंही आम्हाला कधी काही विचारलं नाही.

दोन दिवसांनी ते भट्टीवर गेले आणि रिकाम्या हातांनी आले. कॅप्टन टेबलाशी बसून वहिनीला म्हणाला, "लोखंड नाहीच. पण कोळसा नुकताच उपसलेला दिसला. बाईसाहेब, नाताळ होऊ दे, मग तुम्ही दोघी माझ्याबरोबर ब्रन्सविकला, आमच्या मोठ्या छावणीत चला. तिथले लोक माझ्यापेक्षा बरे प्रश्न विचारतात."

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते सांगता येत नाही. दादाचं म्हणणं मी वहिनीला परतल्या रात्रीच सांगितलं होतं, शब्दन्‌शब्द. आता मी म्हटलं, "सही करून टाक. त्यानंच लिहिलंय."

"त्यानं घाबरून लिहिलंय," ती म्हणाली. "मीही घाबरलेय. दोघांनी घाबरून एकच गोष्ट केली तर ती बरोबर थोडीच होते?" मग तिनं आमचे लोकरीचे कपडे बांधून दाराशी ठेवले.

ब्रन्सविकला जायची वेळ आली नाही. नाताळ उलटला आणि ट्रेंटनहून एक घोडेस्वार आरडाओरडा करत आला: आपल्या लोकांनी तिथली नदी ओलांडून जर्मन शिपायांची छावणी उडवली होती. पुढच्या काही दिवसांत आमच्या रस्त्यावरून राजाची सगळी फौज उलट्या दिशेनं पळाली. कॅप्टननं दादाच्या खोलीतले कागद पोत्यात भरले, आमची गाय नेली आणि निरोपाचा शब्द न बोलता गेला. सही केलेल्या शेजाऱ्यांच्याही गाई नेल्या.

कर्नल लूमिस त्याच थंडीच्या अखेरीस तापानं गेले. त्या पत्राबद्दल ते कुणाला बोलले नव्हते.

दादा मे महिन्यात घरी आला, गालफडं बसलेला. वहिनीनं त्याला आधी जेवू दिलं. मग समोर बसून त्याचं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं, 'केट'पासून 'तुझा जी'पर्यंत. तो पांढराफटक पडला. ताट बाजूला सारून म्हणाला, "मला वाटलं होतं, तुला पोचलंच नाही. बरं झालं असंच वाटलं होतं."

"पोचलं," वहिनी म्हणाली. "जरा लांबून आलं."

मग तो तोंड झाकून रडला आणि वहिनी उठून त्याच्या बाजूला जाऊन बसली. मी भांडी उचलून बाहेर गेले.