साठ दिवस बंद

साठ दिवस मशीन बंद ठेवायचं, असं मला लेखी मिळालं होतं. मी ते चालवलं. आणि ज्याने त्याबद्दल मला झापायला हवं होतं तो एका शब्दाने बोलला नाही, याचाच मला जास्त संताप आहे.

नीट सांगते. पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गंजून फुटली आणि पेट्रोल किती महिने खाली झिरपत राहिलं कोण जाणे. मालक म्हणे, "आम्हाला कळलंच नाही." डोंबल कळलं नाही! रोज सकाळी टाकीत काठी बुडवून मोजतात आणि कमी झालेलं कळत नाही? पंपाच्या उतारावर आमची गल्ली. सगळ्या विहिरींना वास मारायला लागला. मग विहिरींवर पत्रे पडले, टँकर सुरू झाला आणि पंपामागे पाणी साफ करायचं मशीन बसलं. ते चालवायला मी लागले. बोअरमधून पाणी उपसायचं, उंच पिंपात हवा मारून त्यातलं पेट्रोल उडवायचं, राहिलेलं कोळशाच्या पिंपातून गाळायचं. तीन वर्षं हेच केलं. बाबा गल्लीभर सांगत सुटायचे, "आमची पोरगी पाणी धुते." मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

आता त्या साठ दिवसांचं. मशीन चालू असलं की बोअरचं पाणी चांगलंच दिसतं. बंद केलं की मातीला चिकटलेलं पेट्रोल हळूहळू पाण्यात उतरतं आणि खरं काय ते कळतं. म्हणून आधी साठ दिवस बंद, मग तपासणी. हे मला शिकवलं चष्मेवाल्या साहेबानेच. तपासणी त्याची, आणि त्याला नेमलेलं पंपाच्या मालकाने. आता बोला!

चाळिसाव्या दिवशी आमच्या विहिरीवरचा पत्रा सरकवून पाहिला, तर वास. तीन वर्षं राबून पुन्हा तेच? मी गप्प बसायला हवं होतं. तो वासच तर तपासणीत सापडायला हवा होता! पण माझी अक्कल गेली होती चरायला. पाणी बिघडतंय आणि मी हातावर हात ठेवून बसू कशी? दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तीन तास मशीन चालवायला लागले. डॉक्टर ताप मोजायला येणार आणि मी शहाणी आधीच गोळी देऊन बसले.

साठाव्या दिवशी साहेब बाटल्या घेऊन आला. मशीन किती तास चाललं ते दाखवणारं एक मीटर असतं. त्याने ते पाहिलं. मग वहीतला जुना आकडा पाहिला. साठ तासांचा फरक, आंधळ्यालाही दिसला असता.

"मशीन बंदच होतं ना?" त्याने विचारलं.

हुकूम मोडलाय, नोकरी जाईल, एवढंच माझ्या डोक्यात. "हो," मी म्हणाले. तो गालातल्या गालात हसला, कागदावर 'बंद' लिहिलं आणि सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

महिन्याने निकाल आला. पाणी स्वच्छ, विहिरी वापरायला मोकळ्या, टँकर आजपासून बंद. वाचताच मी साहेबाच्या केबिनमध्ये घुसले. "पुन्हा नमुने घ्या. मी मशीन चालवलं होतं."

"माहीत आहे मला," तो चहा पीत म्हणाला. "पण सही तुमची आहे, ताई. आता उगाच कशाला उकरून काढताय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या तोंडावर कागद फेकला आणि घराकडे पळत सुटले.

परसात निम्मी गल्ली जमलेली. विहिरीवरचा पत्रा बाजूला, भरलेली बादली काठावर. बाबांच्या हातात पाण्याचा पेला, ओठांपाशी नेलेला. मी धावत जाऊन त्यांच्या हातावर असा फटका मारला की पेला भिंतीवर जाऊन आपटला.

"कोणी पिऊ नका! पाणी खराब आहे. मी खोटं बोललेय!"

आणि सगळं सांगितलं. सकाळचे तीन तास, मीटर, सही, सगळं. शेजारची काकू म्हणाली, "अगं भवाने, आमची सून पोटुशी आहे!" बोलू दे. माझी लायकीच ती होती.

बाबा हात चोळत उभे होते. "वास मलाही आला होता," ते हळूच म्हणाले.

"मग पीत कशाला होतात?" मी किंचाळले.

"तू धुतलंयस म्हणून. नाकाचं ऐकायचं की तुझं?"

मी बादली उपडी केली. पत्रा ओढून पुन्हा विहिरीवर टाकला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, सरकारी ऑफिसला फोन लावला. टाकीपासून सहीपर्यंत सगळं एका दमात सांगितलं.

"थांबा, लिहून घेतो," पलीकडचा माणूस म्हणाला. "तक्रार कोणाविरुद्ध?"

"तिघांविरुद्ध," मी म्हणाले. "पंपाचा मालक, तपासणीवाला साहेब आणि मी."