माझा भाऊ दुबार नव्हता

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे, पण माझ्यात कोणी हसत नाही. लग्न नाही, बारसं नाही. मला आभाळातून काढलं. पन्नासेक वर्षांपूर्वी, हिवाळ्यातल्या भर दुपारी, एक विमान सातपुड्यावरून गेलं. त्याच्या पोटात कॅमेरा होता. पट्टी सात, म्हणजे विमानाची सातवी सरळ फेरी, फोटो चोवीस, एवढंच माझं नाव.

माझ्या आधी काही सेकंद तेवीस नंबर जन्मला. माझा भाऊ. तोच डोंगर, तोच नाला, फक्त जरासा सरकलेला. मुद्दामच तसं काढत. आम्हा दोघांना शेजारी ठेवून दोन भिंगांतून पाहिलं, की डोंगर कागदातून वर उठायचा, झाडं उभी राहायची. तुमचे दोन डोळे मिळून जे करतात, तेच आम्ही करायचो. एकट्याला ते जमत नाही. मोजणीवाले आमच्यावर वाकायचे आणि "वा!" म्हणायचे. तेवढंच काय ते आमचं कौतुक.

मग आम्हाला नंदुरबारच्या एका कचेरीत, मागच्या खोलीत, खोक्यात कोंबलं. छत गळायचं. आमची मूळ फिल्म चिकटून तिचा गोळा झाला. कोणी हळहळलं नाही.

दोन वर्षांपूर्वी खोकी उघडली. रिना आली. धडगावकडच्या डोंगरातली, घरातली पहिली पदवीधर. तिचं पद मोठं होतं, मेटाडेटा समन्वयक. आई फोनवर विचारायची, "म्हणजे करतेस काय गं?" रिना म्हणायची, "फोटोंचं आधारकार्ड काढते." प्रत्येकाचा नंबर, साल, ठिकाण, खाली काय दिसतं ते लिहायचं आणि मगच त्याला स्कॅनरवर ठेवायचं. माझी धूळ तिनं ओढणीनं पुसली. मला ती आवडली. म्हणून पुढचं सांगताना जीभ जड होते.

तिच्या वरचे नवनीत सर खोली रिकामी करायच्या घाईत होते. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "एकसारखा दिसला की दुबार लिही आणि बाजूला टाक. सगळे स्कॅन करत बसलीस तर म्हातारी होशील इथंच."

रिनानं तेवीस उचलला, चोवीस उचलला. दोघांकडे बघितलं. तेवीसच्या पुढे लिहिलं, दुबार. आम्हाला एकदा शेजारी ठेवून वाकली असती तर! पण तिला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतं. न कळणाऱ्याच्या हातात खोलीची किल्ली देतात, मित्रांनो, हे लक्षात ठेवा.

माझा भाऊ रद्दीच्या पोत्यात गेला.

वर्षभरानं दिवलीबाई आल्या. डोंगरातल्या जमिनीसाठी त्यांचा वनहक्काचा दावा होता. तिथं जुनी वस्ती नव्हतीच, असं म्हणून तो दोनदा परत आलेला. त्या पावरी बोलीत बोलत. मी तुमच्या शाळेच्या मराठीत सांगतो. रिनानं मला समोर ठेवलं. दिवलीबाईंनी मला फिरवलं, पुन्हा फिरवलं, नाला डाव्या हाताला येईपर्यंत फिरवलं. उंबऱ्यात उभं राहिलं की नाला डावीकडे असायचा ना! मग एका काळ्या चौकोनावर बोट आलं.

"हे घर. आणि त्या दिवशी हा माझा बाज्या ज्वारी राखत होता. विमान आलं तसा यानं गोफणीनं दगड मारला त्याला."

"लागला का?" रिनानं विचारलं.

"बाज्याचा नेम! ज्वारीतला पोपट कधी लागला नाही, विमान काय लागतं?" नवऱ्याची आठवण काढून म्हातारी खळखळून हसली.

तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी मला उन्हात धरलं. "घर कशावरून? पालापाचोळ्याचा राब जाळलेली काळी जागा असेल."

दुपारचं उड्डाण, घर बुटकं, त्यामुळे वेगळी सावली दिसत नव्हती. काळा चौकोन, बस. कोपऱ्यातला एक म्हातारा मोजणीदार म्हणाला, "याची जोडी आणा. घर असेल तर छप्पर वर उठेल, राब असेल तर सपाट राहील. दोन मिनिटांचं काम."

"जोडी?" रिना म्हणाली. आणि तिचा चेहरा उतरला. तिला पोतं आठवलं.

पट्टी माझ्याशीच संपते. माझ्या पुढे कोणी नाही. एकच भाऊ होता.

ती तिथूनच एसटीनं शहाद्याला गेली. रद्दीवाले प्रेमचंदशेठ आपल्या पोत्यांवरच बसले होते. "त्या चकचकीत कागद? त्या ते जुना एक्सरे लेवाला लई गया, पोरी. चांदी निंघस ना त्यामाईन. जाळी टाकस तो."

"सगळेच?"

"मंग काय पूजा करस? बठ, पानी पी. रडू नको."

बैठकीचा निकाल आला. पुरावा अपुरा, दावा नामंजूर.

दिवलीबाई कचेरीत आल्या आणि रिनानं त्यांना खरं सांगितलं. दुसरा फोटो होता, तो मी काढून टाकला, मग तो रद्दीत जाऊन चांदीसाठी जाळला गेला. खाली मान घालून, एकही शब्द न लपवता.

दिवलीबाई म्हणाल्या, "चांदी? आमच्या घरात चांदी कधीच नव्हती गं."

आणि पायऱ्या उतरून गेल्या.

त्याच दुपारी रिनानं तेवीसच्या नोंदीतलं 'दुबार' खोडलं. लिहिलं: "हा दुबार नव्हता. यात बाज्या पावरा यांचं घर उभं दिसलं असतं. मी न समजता काढून टाकला. रिना." नवनीत सर म्हणाले, "खोड ते. नोकरी जाईल." ती म्हणाली, "आदेश तुमचा होता, सर. तेही लिहू का?" नोंद अजून आहे. जमीन नाही.

मित्रांनो, मला रिनाचा राग आहे. तिच्या सरांचा त्याहून जास्त आहे. पण रागानं भाऊ परत येत नाही. मी प्लास्टिकच्या पाकिटात नीट ठेवलेला आहे. माझ्यातला डोंगर सपाट पडून असतो आणि त्यावर एक काळा चौकोन. तुमच्या हाती उद्या जुनं काही येईल. सारखं दिसतं म्हणून फेकू नका. दोघांना शेजारी ठेवा, वाका, नीट बघा. तेवढ्या जागेत कोणीतरी राहत असतं.