कावळ्यासाठी बोललेलं

सासूबाईंच्या दहाव्याला कावळा शिवायला तयार नव्हता. पांढुर्ण्याला जाम नदीच्या काठावर पिंड ठेवून आम्ही सगळे मागे सरकून उभे होतो. वैशाखाचं ऊन, नदीत नावाला पाणी, आणि पलीकडे सावरगावच्या बाजूला बाभळीवर कावळे बसलेले. खाली मात्र एकही उतरेना.

रघुनाथमामा, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, हात जोडून पुढे झाले. संत्र्याचा बगीचा विकणार नाही म्हणाले, तुळशीचं लग्न दरवर्षी लावू म्हणाले. कावळे जागचे हलले नाहीत. तेव्हा आमचे हे, म्हणजे वैभव, हळूच गुरुजींच्या कानाशी लागले. दर्भाचा कावळा करून शिववून टाकू, त्यांचं म्हणणं. खरा आलाच नाही तर गवताचा करतात, शास्त्राला चालतो. पण मामांचे कान तिखट.

"दर्भाचा कायले पायजे? ताईचा जीव कशात अडकला हे काय सांगा लागते?"

सगळ्यांच्या माना राजूकडे वळल्या. राजू म्हणजे यांचा धाकटा भाऊ. छत्तिशी ओलांडलेला, अंगानं धडधाकट, पण लहानपणापासून निराळा. त्याला ऑटिझम आहे असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं ते तो मिसरूड फुटल्यावर. तोवर गाव त्याला बह्याड, म्हणजे वेडा, म्हणून मोकळं झालं होतं, आणि नंतरही म्हणतच राहिलं. त्याच्या ताटात वरण भाताला शिवलेलं चालत नाही, म्हणून सासूबाई त्याला खणांच्या थाळीत वाढायच्या. बोललेला शब्द त्याच्यासाठी शब्द असतो. एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरेपर्यंत तो तीच परत परत विचारतो, आणि समोरचा 'हो' म्हणाला की गप्प बसतो. त्यात अवघड काय आहे ते मला कधी कळलं नाही, पण लोकांना 'हो' म्हणणं फार जड जातं.

दोघा भावांचं बोलणं बंद झालं तेही एका 'हो'पायी. सौंसरला आम्ही घर बांधलं. हे तिथे शाळेत सर आहेत. वास्तूच्या जेवणाला हेडमास्तर आले, त्यांनी राजूकडे बोट करून हा कोण म्हणून विचारलं, आणि आमचे हे म्हणाले, वावरातला गडी आहे. राजू पंगतीतच उभा राहिला. "मी गडी नाही. मी वैभवचा भाऊ आहो." वाढणारे थांबले, हेडमास्तर ताटात पाहू लागले, राजू म्हणतच राहिला. यांनी एकदा 'हो' म्हटलं असतं तर पंगत पुढे सरकली असती. त्याऐवजी यांनी त्याचं मनगट धरलं आणि भरल्या ताटावरून उठवून बस स्टँडवर नेऊन सोडलं. सासूबाई पदर खोचून त्याच्यामागे गेल्या. त्यानंतर आमच्या घराची पायरी त्या मायलेकांनी चढली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन बाजूंनी एकमेकांवर दगड मारतात, आणि त्या आरडाओरड्यानं राजू कान दाबून भिंतीवर डोकं आपटायचा. म्हणून सासूबाई सकाळीच त्याला बसमध्ये घालून जामसावळीला मारुतीच्या देवळात आणायच्या. तिथून सौंसर कितीसं? पण दिवसभर देवळात बसून मायलेक आल्या वाटेनं परत जायचे. मीच डबा घेऊन तिकडे जायची. घरी सांगायची, मारुतीला जाऊन येते.

तर त्या दिवशी माना वळल्या. राजू कान दाबून कावळ्यांकडे बघत होता. भाऊबंद उन्हानं कावले होते. यांच्या ताज्या भादरलेल्या डोक्यावरून घाम निथळत होता. शेवटी हे पुढे झाले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, राजूची काळजी करू नको. मी त्याले माझ्या घरी सौंसरले घेऊन जाईन."

बाभळीवरून एक कावळा उतरला, दोनदा उड्या मारल्या आणि पिंडाला चोच लावली. यांच्या शब्दामुळे आला की उपाशी होता म्हणून आला, मला माहीत नाही. पण मामा ढसढसा रडले, आणि खरं सांगते, मलाही भरून आलं. मला वाटलं, जन्मात एकदा तरी हा माणूस भाऊ झाला.

राजूनं कानांवरचे हात काढले. "दादा, कोणत्या दिवशी?"

"तेरवी झाल्यावर," हे म्हणाले. इतक्या लोकांत दुसरं काय म्हणणार?

मधल्या दिवसांत मी कपडे आणायला सौंसरला आले तेव्हा मागची खोली रिकामी केली. हे तिथे शिकवण्या घेतात. बाकं गच्चीवर नेली, फरशी पुसली, पांढुर्ण्याच्या घरासारखी नदीकडची खिडकी नाही म्हणून निदान पंखा तरी नीट करून घेतला. यांना सांगितलं तर हे नुसते "हं" म्हणाले. तो 'हं' कसला होता ते मला तेरवीला कळलं.

तेरवीचं जेवण आटोपलं. दारात गाडी लावली होती आणि राजू मागच्या सीटवर बसला होता, मांडीवर बॅग, बॅगेवर खणांची थाळी. जेवणं सुरू व्हायच्या आधीपासून तो तिथे बसला होता. यांनी दार उघडलं आणि त्याला उतर म्हणाले. शेजारच्या चंद्रकलाबाई तुला दोन वेळ जेवायला देतील, मी बोलून ठेवलं आहे, म्हणाले. राजू हलला नाही. मामा जवळ आले, भाऊबंद आले. तेव्हा यांनी आवाज बारीक केला, चेहरा पाडला आणि मामांना म्हणाले, "काय करू मामा? दिपाली नाही म्हणते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणाला नवल वाटलं नाही, हेच मला डाचलं. जणू सगळे दहाव्यापासून त्याच वाक्याची वाट पाहत होते. सून नाही म्हणते. झालं, कुलूप लागलं, सगळे मोकळे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "मी कधी नाही म्हटलं? खोली रिकामी करून आली मी. इथं सर्वांसमोर सांगा, मले विचारलं तरी का तुम्ही?"

हे मला गप म्हणाले. मामा घरातलं घरात पाहा म्हणत चप्पल शोधू लागले. आणि राजूनं विचारलं, "वहिनी नाही म्हणते का दादा नाही म्हणते?"

त्यानं परत विचारलं. मग परत. वास्तूच्या पंगतीसारखाच, एकाच सुरात, थाळी धरून. मी सांगत होते, भाऊजी, मी नाही म्हटलं नाही, पण त्याला माझं उत्तर नको होतं. तो यांच्याकडे बघत होता. घामाघूम झालेले हे अखेर ओरडले, "अरे, ते कावळ्यासाठी बोलावं लागते!"

राजू गप्प झाला. त्याला उत्तर मिळालं होतं. तो गाडीतून उतरला, बॅग ओट्यावर ठेवली आणि थाळी घेऊन नदीकडे चालू लागला. जिवाचं काही करून घेईल या भीतीनं मी मागे धावले.

पिंड ठेवलं होतं त्या दगडाशी तो उभा राहिला. तिथे आता काही नव्हतं, वाळलेला हार होता.

"आई," तो म्हणाला, "दादा नाही नेऊन राहिला. ते कावळ्यासाठी होतं. तू उगाच खाल्लं."

एकदाच म्हणाला. जो माणूस एकेक गोष्ट शंभरदा म्हणतो, तो हे एकदाच म्हणाला आणि माझ्या शेजारून, माझ्याकडे न बघता, घरी गेला.

परतताना जामसावळीच्या फाट्यावर यांनी नेहमीप्रमाणे स्टिअरिंगवरचा हात उचलून मारुतीला नमस्कार केला. म्हणाले, त्याला काही समजत नाही, चार दिवसांत विसरेल. दुसऱ्या दिवशी यांनी गच्चीवरची बाकं खाली आणली. मी हात लावला नाही.

यंदा गोटमारीला मी पहिल्या बसनं पांढुर्ण्याला गेले आणि राजूला जामसावळीला घेऊन आले. थाळी त्यानं सोबत आणली होती. मी खणाखणात वाढलं, वरण भाताला शिवू दिलं नाही. तो निवांत जेवला. उन्हं उतरल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, चला घरी. मी म्हणून राहिली, चला."

"दादानं म्हटलं का?"

मी खोटं बोलू शकले असते. पण ते या माणसाशी एकदा बोलून झालं होतं.

"नाही."

"मग नाही," म्हणून तो थाळी धुवायला नळावर गेला.

रात्री घरी आल्यावर मी वाढायला बसले. हे विचारत होते, मारुतीला गर्दी होती का. मी म्हटलं, होती. मग म्हटलं, एक गोष्ट ऐकून ठेवा. मी तुमच्या आधी गेले तर माझ्या दहाव्याला कावळ्याची वाट पाहू नका, सरळ दर्भाचा करा. तुम्ही हात जोडून काही बोलाल आणि मी येऊन खाईन, ते मला नको आहे.

यांनी भात कालवला. वरण कमी पडलं म्हणाले, मी वाढलं.