म्या नव्हतो!

झुंबरआत्यानं स्थळ आणलं ते एवढंच सांगून : "आपल्या संजीवनीसाठी पोरगा हाये, मेहकरचा. गॅस तपासते."

झालं! घरानं त्याला पोटाचा डॉक्टर करून टाकलं. आमच्याकडे गॅस म्हटलं की बाबाच. बैठकीत वास आला की आई नाकाला पदर लावून त्यांच्याकडे पाहायची. बाबांचं पिठलं बंद, वांगं बंद, अब्रू तर कधीचीच गेलेली.

तो पोरगा, शेखर, दुसरबीडला आमच्या घरी आला. मी पोहे घेऊन बाहेर गेले आणि पाहताक्षणी विरघळले. खोटं कशाला सांगू? तेवढ्यात बाबांनी सदरा वर केला आणि पोट पुढे काढलं.

"डॉक्टरसाहेब, पाहा बरं."

शेखर गडबडला. "मी डॉक्टर नाई काका. पाइपातून गळणारा गॅस लेसरनं शोधतो."

बाबांचं तोंड एवढंसं झालं. आईनं चहा आतच ठेवला. हातचा पोरगा चालला!

"कसा शोधता?" मी सरळ विचारूनच टाकलं.

त्यानं बॅगेतून टॉर्चएवढं यंत्र काढलं. "उजेड भिंतीवर आपटून परत येते. वाटेत मिथेन असला तर थोडा उजेड तो गिळते. किती गिळला, त्यावरून यंत्र गॅस सांगते."

लाल ठिपका भिंतीवरून सरकत बाबांच्या खांद्याशी आला आणि यंत्र किंचाळलं.

"पाहुण्यासमोरबी?" आई कडाडली.

"देवाशपथ, म्या नाई वो!"

"काका, तुम्ही जरा अंगणात जा," शेखर म्हणाला.

बाबा अंगणात गेले, तरी यंत्र किंचाळतच राहिलं. शेखरनं बाबांच्या जागेमागचा लोड बाजूला केला. मागून स्वयंपाकघरात जाणारा गोबरगॅसचा पाइप चिरला होता. त्यानं कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या.

मग बाबा जे सुटले! "म्या नव्हतो! ऐका बे, म्या नव्हतो!" साऱ्या गल्लीला सांगत ते अंगणात नाचले. म्हैस दावं ताणून उभी राहिली. आत्या हसून हसून ओट्यावर बसली, आईच्या डोळ्यांतून तर पाणीच आलं. नाचून दमल्यावर बाबांनी शेखरला कडकडून मिठी मारली.

"जावईबापू!"

शेखर कानापर्यंत लाल झाला. "काका, पण संजीवनीले तर कोणी इचारलंच नाई..."

"हाव!" मी दारातून ओरडले. "हाव म्हणतो ना मी!"